शिवणघरातले चौथे पिल्लू

आदरणीय बाई,

आपल्यासारख्या कामात गढलेल्या व्यक्तीला इतके लांबलचक वाचायला लावण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. आपण फक्त एक पान मागितले होते: पिल्लू मलाच का द्यावे. ते पान मी चार वेळा लिहिले आणि चारही वेळा त्याचा 'माझा आवडता प्राणी' या विषयावरचा निबंध झाला. शेवटी माझ्या दैनंदिनीची पाने जशीच्या तशी पाठवायची असे ठरवले. ती कुणी वाचावीत म्हणून लिहिलेली नाहीत. त्यामुळे दोन-तीन ठिकाणी आपल्याविषयीही मोकळेपणाने लिहिले गेले आहे. ते खोडले असते, तर उरलेल्यावर आपण विश्वास का ठेवावा? माझ्या चुकाही मी तशाच ठेवल्या आहेत.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

निर्णय झाला. पिल्लू आणायचे.

हा लहरीपणा नाही. ग्रंथालयात माझे टेबल खिडकीशी आहे आणि खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे, पहिल्या मजल्यावरचे शिवणघर आहे. तिथे कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात, एका भटक्या कुत्रीने चार पिल्ले घातली. गेले पाच आठवडे पुस्तकांच्या नोंदी करता करता मी ती मोठी होताना पाहते आहे. तीन गेली. चौथे, पांढरे, अजून आहे.

आमच्या ग्रंथालयात कुत्र्यांवर चार पुस्तके आहेत. चारही वाचून संपवली. त्यांच्या आधारे एक तक्ता केला आहे: दहा गुणविशेष, प्रत्येकी दहा गुण, एकूण शंभर. दहावीच्या परीक्षेपासून माझा गुणांवर विश्वास आहे. त्यांनी मला कधी फसवलेले नाही.

तक्ता आईला दाखवला. आई शाळेत खेळ शिकवते आणि तिचे हळू बोलणे शेजारच्या इमारतीत ऐकू जाते.

"पिल्लू बघायला चालली आहेस की तोंडी परीक्षा घ्यायला?"

"तोंडी नाही, प्रात्यक्षिक," मी म्हटले.

बाबांचा मात्र ठाम विरोध आहे. ते दातांच्या कवळ्या बनवतात आणि त्यांचे कामाचे टेबल घरातच, पुढच्या खोलीत आहे. "माझ्या टेबलावर कायम दहा-बारा माणसांचे दात मांडलेले असतात. त्यातला एक जबडा जरी त्याने पळवला, तर त्या माणसाला मी काय सांगू?"

"सांगा, माप घेऊन पाहिलं, कुत्र्याला बरोबर बसले," आई म्हणाली.

बाबा हसले नाहीत. विरोध गंभीर आहे.

शनिवार, १० ऑक्टोबर

आज शिवणघरात गेले. आठ मशिनी एकदम चालू होत्या. बोलायचे वाक्य मी जिन्यात तीनदा घोकले होते. ते तिथल्या मालकीणबाईंना तीनदा म्हणून दाखवले, तिन्ही वेळा बाईंनी कानामागे हात धरला.

"कितवीत आहेस ग?"

"मी समोरच्या ग्रंथालयात..."

"काय?"

मी तेवीस वर्षांची आहे आणि माझी उंचीही बरी आहे. पण आवाज नसला की माणूस लहान दिसत असावा. शेवटी पिशवीतून कोरे नोंदपत्र काढून त्यावर लिहिले: 'पिल्लू पाहायला आले आहे.' बाईंनी ते हात लांब धरून वाचले आणि मोठ्याने हसल्या. हसल्या हे दिसले. ऐकू आले नाही. बाईंचा चेहरा रागीट आहे, पण हसल्यावर त्यात फारसा राग उरत नाही.

त्या गोंगाटात कुणीच कुणाशी बोलत नाही. सगळा कारभार हातांनी चालतो. बाईंनी तळहात वर केला की ज्या ताईकडे पाहिले असेल ती येते. दोन बोटांची कात्री केली की काम थांबवायचे. हात पोटाशी आडवा धरून खाली दाबला की बसायचे. मूठ खांद्यावर दोनदा आपटली की चहा. चहाची खूण झाली की टेबलाखालून पांढरे पिल्लू सर्वांच्या आधी हजर होते, कारण चहाबरोबर बिस्किटे असतात. त्याला सगळे कापूस म्हणतात. एक डोळा तपकिरी, एक निळा.

निरीक्षण केले. इस्त्रीवाल्या ताईच्या हातून कात्र्यांचा डबा फरशीवर पडला. सगळ्या दचकल्या, मीही. कापूस पाय ताणून चिंध्यांत झोपला होता, तसाच झोपून राहिला. धैर्य: दहापैकी दहा.

पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्याच्या पाठीमागे उभी राहून टाळी वाजवली. तो बिस्किटाचा चुरा चाटत होता, चाटतच राहिला. पुस्तकाप्रमाणे चांगल्या पिल्लाने वळून पाहायला हवे. पण पुस्तक शांत खोलीत लिहिलेले असणार. हातातले काम न सोडणे हा माझ्या मते अधिक मोठा गुण आहे. एकाग्रता: दहापैकी दहा.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

एक प्रतिस्पर्धी उपटला आहे.

मागच्या गल्लीत लोखंडी सामानाचे गोदाम आहे. त्याच्या मालकांना राखणीला कुत्रा हवा आहे. त्यांचा आवाज आठ मशिनींवर मात करतो. दारातूनच ओरडले, "बाई, तो पांढरा मी नेतो! दिवसा साखळीला, रात्री मोकळा! खाऊन-पिऊन मजेत राहील!"

कापसाने त्यांच्याकडे वळूनही पाहिले नाही. माणसाची पारख: दहापैकी दहा.

बाईंनी दोन बोटांची कात्री केली. आठही मशिनी थांबल्या, आणि मी बाईंचा आवाज प्रथमच नीट ऐकला. जाड, पण सुती आहे.

"पहिलं पिल्लू मी असंच उचलून दिलं होतं," बाई म्हणाल्या. "आठ दिवसांत परत आणून टाकलं, रडतं म्हणून. त्याला दुसरं घर शोधावं लागलं. आता आधी कच्ची शिलाई. दोन दिवस घरी न्या, अंगाला बसतं का बघा, मग पक्कं. पहिले दोन दिवस ही पोरगी, पुढचे दोन तुम्ही. आणि एक सांगून ठेवते. माझ्या दुकानातून दोष असलेला कपडा बाहेर जात नाही. पिल्लात काही खोट निघाली, तर ते इथंच टेबलाखाली राहील. कुणाच्या गळ्यात मारणार नाही."

मी हळूच म्हटले की त्याच्यात खोट नाही, मी तपासले आहे.

"काय म्हणाली?" गोदामवाल्यांनी विचारले. मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने, "ताई, कुत्र्याला हाक मारावी लागते. तुमची हाक तुम्हाला तरी ऐकू येते का?"

सगळ्या हसल्या. मशिनी बंद होत्या, त्यामुळे या वेळी मला नीट ऐकू आले.

जाताना बाई म्हणाल्या, "हे बोलून दाखवतात, तुला बोलता येत नाही. तर लिहून दे. एक पान. फोन करू नकोस, मशिनींत मला ऐकू येत नाही. पानाचा फोटो पाठव. पंचवीस तारखेच्या सकाळपर्यंत."

गुरुवार, १५ ऑक्टोबर

हाकेचा सराव सुरू केला. ग्रंथालयात शक्य नाही, तिथे मीच भिंतीवर 'शांतता राखा' लिहून लावले आहे. म्हणून घरी, आईच्या देखरेखीखाली.

"घशातून नको, पोटातून काढ. समोर सहावी ब आहे आणि चेंडू रस्त्यावर चाललाय, असं समज."

"कापूस," मी म्हटले.

"चेंडू गेला. ट्रकखाली."

पुन्हा काढला. बाबा पुढच्या खोलीतून म्हणाले, "हळू! इथे मेणात दात बसवतोय मी!" आईने मला शाबासकी दिली. तिच्या मते, बाबांना ऐकू जाणे ही पहिली पायरी आहे.

सोमवार, १९ ऑक्टोबर

बाबांचा विरोध कायम आहे. आज संध्याकाळी त्यांनी कामाच्या टेबलाच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा घातल्या. वाकून पाठ दुखते, म्हणाले. आता त्यांना उंच स्टुलावर चढून बसावे लागते, पाय अधांतरी राहतात आणि ते मुळीच सोयीचे दिसत नाही. औषधांच्या दुकानातून पाठीचे मलम आणून दिले.

बुधवार, २१ ऑक्टोबर

जेवणाच्या सुटीत रोज शिवणघरात जाते. आता कुणी मला काही विचारत नाही; दारात दिसले की बाई तळहात वर करतात आणि मी आत जाते. खरे सांगायचे तर मला ती खोली आवडू लागली आहे. तिथे माझा आवाज कुणाहून कमी नाही. काल काज करणाऱ्या ताईने खुणेनेच विचारले की माझ्या कुर्त्याची बाही आखूड का आहे. मी खुणेनेच उत्तर दिले की हात वाढले. ती इतकी हसली की तिचा दोरा तुटला.

तक्ता पूर्ण झाला. शंभरपैकी शहाण्णव. चार गुण कापले ते फक्त पंजे फार मळके असल्याबद्दल.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

कापूस घरी आला! रजा घेतली आहे.

आल्या आल्या त्याने तिन्ही खोल्या हुंगल्या, आईच्या शिट्टीची दोरी चघळली आणि पुढच्या खोलीत जाऊन बाबांच्या उंच स्टुलाखाली पसरला. बाबांनी कवळी घासायचे यंत्र सुरू केले. त्याच्या किरकिरीने आमचे शेजारी दोनदा भांडायला आलेले आहेत. कापूस ढिम्म हलला नाही. उलट स्टुलाच्या पायाला डोके टेकून घोरू लागला.

बाबांनी यंत्र बंद केले, खाली वाकून पाहिले, पुन्हा सुरू केले.

"कारागिराच्या घरचं वळण आहे याला," ते म्हणाले.

शहाण्णवाचे सत्त्याण्णव केले.

संध्याकाळी एक छोटा प्रसंग घडला. तो झोपला असताना मी मागून जाऊन पाठीवर हात ठेवला, तर केवढ्याने दचकला! कात्र्यांचा डबा पडल्यावर न हललेले पिल्लू माझ्या हाताने दचकावे? नवे घर आहे, म्हणून असेल. बाबांनी खाली उतरून दोन बिस्किटे दिली. विरोध आहे, पण पाहुण्याशी ते नीट वागतात.

शनिवार, २४ ऑक्टोबर, दुपार

हे क्रमाने लिहायला हवे.

सकाळी साडेसातला त्याला फिरायला नेले. गळ्यातली दोरी लांब सोडली होती. गल्लीच्या टोकाशी दिव्याच्या खांबाचे बूड तो हुंगत होता, माझ्याकडे पाठ. रस्ता मोकळा होता. मनात आले, आज. आता. पोटातून. डोळे मिटले, सहावी ब समोर आणली आणि ओरडले:

"कापूस!"

हा आवाज माझा आहे हे मला क्षणभर पटले नाही. एक सायकलवाला ब्रेक दाबून थांबला. वरच्या दोन खिडक्या उघडल्या. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या आजी कठड्याशी आल्या. समोरचे औषधवाले अर्धे शटर उचलून हातात कापसाची गुंडाळी घेऊन बाहेर धावले, "मोठा हवाय की लहान? लागलंय का कुणाला?"

गल्लीतले प्रत्येक डोके माझ्याकडे वळले होते. एक सोडून.

मी पुन्हा ओरडले. आणखी दोनदा. लाजेने कान तापले होते, तरी ओरडले. तो हुंगतच होता.

औषधवाले गुंडाळी सोडू लागले, तेव्हा 'नको, नको' म्हणून मी तळहात वर केला. नेमक्या त्याच वेळी कापसाने मान वळवली. माझा हात पाहिला आणि कान उडवत, पाय अडखळत, सरळ माझ्याकडे धावत आला.

मी तिथेच पदपथावर बसले. मला सगळे एकदम दिसले: कात्र्यांचा डबा, टाळी, गोदामवाल्यांचा आवाज, बाबांचे यंत्र, पाठीवर हात ठेवताच दचकणे. दहापैकी दहा. दहापैकी दहा. मी दोन आठवडे त्याला एकाच गोष्टीचे गुण वेगवेगळ्या नावांनी देत होते.

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी त्याच्या डोक्यामागे किल्ल्यांचा जुडगा वाजवला, शिट्टी वाजवली, पत्र्याचा डबा बडवला. बाहेर बसलेली दोन मांजरे पिशवीत उलटीपालटी झाली. कापूस डॉक्टरांच्या बुटाची नाडी सोडवत होता.

"जन्मापासून बहिरा आहे. अशा पांढऱ्या पिल्लांत आढळतं. इतके दिवस कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"तो शिवणघरात वाढला," मी म्हटले. "तिथे कुणीच कुणाचं ऐकत नाही."

ते हसले. मग नीट समजावून सांगितले: दोरीशिवाय रस्त्यावर कधी सोडायचा नाही. मागून जाऊन उठवायचा नाही, आधी जमिनीवर पाय आपटायचा, धक्का त्याला कळतो. सगळे शिक्षण हातांनी द्यायचे. बाकी तब्येत ठणठणीत आहे.

"किती खुणा येतात याला?" त्यांनी विचारले.

मी एकेक करून दाखवली. ये. थांब. बस. चहा.

चहाच्या खुणेवर कापसाने नाडी सोडली आणि बिस्किटाच्या शोधात त्यांचे टेबल पालथे घातले. डॉक्टर म्हणाले की त्यांच्याकडे येणाऱ्या, ऐकू येणाऱ्या कुत्र्यांपैकी निम्म्यांना यातले काही येत नाही.

शनिवार, २४ ऑक्टोबर, संध्याकाळ

तक्ता दुरुस्त केला. धैर्य, एकाग्रता आणि माणसाची पारख यांचे तीस गुण वजा केले. सदुसष्ट उरले. आयुष्यात पहिल्यांदा सदुसष्ट हा आकडा माझ्या हस्ताक्षरात पाहिला. बराच वेळ पाहिला. मग लक्षात आले की कापूस टेबलाखालून माझ्याकडे बघतो आहे आणि माझा हात कधी वर होतो याची वाट पाहतो आहे.

प्रश्न पिल्लू घ्यावे की नाही हा नाहीच. तो प्रश्न सकाळीच, पदपथावर, सुटला. प्रश्न वेगळा आहे. एक पान लिहून दिले, त्यात हे लिहिले नाही, तर कापूस बहुधा मला मिळेल. लिहिले, तर बाई त्याला टेबलाखाली ठेवून घेतील. त्यांनी सर्वांसमोर सांगितले आहे आणि त्या शब्द फिरवणाऱ्या दिसत नाहीत.

हे मी जेवताना मोठ्याने बोलून दाखवले. मोठ्याने म्हणजे आईच्या व्याख्येने मोठ्याने.

"न सांगता चालेल का?" मी विचारले.

"चालेल," आई म्हणाली. "आणि मग तुला रात्री झोप येणार नाही, सकाळी तू आंबट तोंडाने चहा करशील, आणि तो आम्हाला प्यावा लागेल. सांगून टाक बाई."

बाबा स्टुलावरून खाली उतरले. "वरच्या दातांत फट राहिली असेल, तर मी गिऱ्हाइकाला तोंड मिटून हसा असं सांगत नाही. फट दाखवतो. मग तोच ठरवतो."

"पण बाबा, तुमचा तर विरोध आहे."

"आहेच," ते म्हणाले. "तो वेगळा विषय." मग त्यांनी जमिनीवर टाच दोनदा आपटली. कापसाने डोके वर केले. बाबांनी हात पोटाशी धरून खाली दाबला. कापूस बसला. ही खूण मी बाबांना शिकवलेली नाही. दुपारी मी चहा करत होते तेव्हा दोघांचे काय चालले होते, कोण जाणे.

टेबलाखालची एक वीट डुगडुगत होती. तक्ता चार घड्या करून तिच्याखाली सारला. आता टेबल पक्के उभे आहे.

रविवार, २५ ऑक्टोबर, सकाळ

बाई, हे आता थेट आपल्यासाठी लिहिते आहे.

कापसाला ऐकू येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आहे. ही खोट आहे असे आपण म्हणालात, तर मी वाद घालणार नाही. तो मला कधीच जमलेला नाही. पण आपल्याच दुकानातली एक गोष्ट सांगते. इस्त्रीवाल्या ताईंचा डावा खांदा उतरता आहे. त्यांचा कुर्ता आपण स्वतः कापता आणि त्या बाजूला अर्धा इंच जास्त ठेवता. तो कुर्ता सदोष आहे असे आपण कधी म्हटलेले मी पाहिले नाही.

आमच्या घरी त्या अर्ध्या इंचाची तयारी झाली आहे. रस्त्यावर दोरी कधी सुटणार नाही. त्याला उठवायला टाच आपटायची, हे तिघांनाही ठाऊक आहे. खालच्या मजल्यावरच्यांना आईने सांगून ठेवले आहे. खरे तर सांगावे लागले नाही, ती आमच्याशी बोलत होती तेव्हा त्यांनी ऐकले. टेबल उंच आहे. बाबांची पाठही बरी असावी, मलमाची डबी अजून उघडलेली नाही.

गोदामवाल्यांना हे कृपया आपणच सांगा. हाकेला ओ देणारा कुत्रा हवा असणे यात त्यांचे काही चुकलेले नाही. त्यांनी मला विचारलेला प्रश्न मात्र मी सोडवला आहे, असा निरोप द्यावा. माझी हाक आता औषधांच्या दुकानापर्यंत जाते. ज्याच्यासाठी ती शिकले त्याला तिचा काही उपयोग नाही, पण शिकले ते शिकले. काल ग्रंथालयाचे पुस्तक चार महिने परत न करणाऱ्या एका गृहस्थांना मी रस्त्यात थांबवले. थांबले.

ठरल्याप्रमाणे अकरा वाजता त्याला परत आणते आहे. आज मशिनी बंद असतील, तरीही आपण मला वर बोलावून निर्णय सांगावा अशी अपेक्षा नाही. आम्ही दोघे समोरच्या पदपथावर, ग्रंथालयाच्या पायरीशी उभे राहू. उत्तर नाही असेल, तर खिडकी लावून घ्या. मी समजेन, आणि त्याला वर आणून टेबलाखाली सोडीन, त्याच्या चिंध्यांत.

उत्तर होय असेल, तर खिडकीतून फक्त तळहात वर करा. ती खूण आम्हा दोघांनाही कळते.

आपली,
समोरच्या खिडकीतली

(अकरा पाने आणि डॉक्टरांची चिठ्ठी, फोटो काढून पाठवले: रविवार, २५ ऑक्टोबर, सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटे.)